वरणावरचा फेस

आमच्या गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. धर्मापुरीच्या देवळाकडून निघालं की तिसऱ्या वळणावर खड्डे सुरू होतात, आणि ते जिथं सगळ्यात खोल होतात तिथं आमचं गाव, एवढं कळलं तरी पुरे. नाव छापून आलं तर येणारा-जाणारा आम्हाला "आ करून दाखवा" म्हणेल. आणि गावातल्या निम्म्या पुरुषांना ते जमणार नाही.

रामकिसन आबा हे आमचे माजी सरपंच. सरपंच ते दोन वर्षं नऊ महिने होते, मग अविश्वासाचा ठराव आला. माजी सरपंच मात्र ते एकोणीस वर्षं आहेत, आणि ह्या पदावरून त्यांना हलवायची अजून कुणाची छाती झालेली नाही. सोळा एकर काळं रान, इस्त्रीचा पांढरा सदरा, पायात करकरणारी चप्पल आणि डावा गाल कायम फुगलेला. त्या गालात मावा असतो. पेढ्याचा नव्हे. कच्ची सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदात घालून टपरीवाला खसाखसा घोटून देतो, तो मावा. सकाळी डोळे उघडले की आबा आधी गाल भरत, मग देवाचं नाव घेत. देवालाही त्यांचं बोलणं गालातूनच ऐकायची सवय झाली होती.

आबांचं सगळं राजकारण दोन शब्दांवर उभं राहिलं. "आबा, धर्मापुरीचा रस्ता?" "होऊ शकतो." "आबा, तळ्याचा गाळ?" "निघू शकतो." "आबा, माझ्या पोराला चिकटवता का कुठं?" "चिकटू शकतो." माणूस खोटं बोलला असं तुम्हाला म्हणताच येत नाही. ह्याच्या जोरावर त्यांनी चार निवडणुका लढवल्या, एक जिंकली, आणि रस्ता आजतागायत होऊ शकतो आहे. हा शब्द असा लीलया फिरवणारा माणूस तोच शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर कसा सपशेल आडवा झाला, ते सांगायला बसलोय.

मागच्या सप्टेंबरात, पोषणाचा महिना म्हणून, आरोग्य उपकेंद्राच्या तेजश्री मॅडमनी शाळेत कार्यक्रम ठेवला. ह्या मॅडम म्हणजे पाटोद्याकडच्या शेतकऱ्याची पोर, वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. गावात आल्या तशा पहिल्या महिन्यात त्यांनी सगळ्या म्हाताऱ्यांचा रक्तदाब मोजला आणि दुसऱ्या महिन्यात आमच्या बायकांना मीठ लपवायला शिकवलं. तेव्हापासून त्यांच्या कार्यक्रमाला आम्ही पुरुष सावध राहायला म्हणून जातो. बायका पुढं सतरंजीवर, आम्ही मागं भिंतीला टेकून. आबा मात्र खुर्चीवर, कारण रिकामी खुर्ची दिसली की ती आपल्यासाठीच ठेवलेली आहे असं त्यांना जन्मापासून वाटतं.

टेबलावर वाट्या मांडल्या होत्या. तूर, मूग, मटकी, हुलगे, हरभरा, चवळी.

"हे आपलं रोजचंच," मॅडम म्हणाल्या. "पण ह्यानं नुसतं पोट भरत न्हाई. झाडानं आपल्या बीला जपायला त्यात बारीक बारीक द्रव्यं ठेवलेली असतात. डाळ उकळली की वर फेस येतो का न्हाई?"

"येतो की," आमच्या गल्लीतली सुंदरबाई म्हणाली. "पळीनं काढून फेकतो आमी."

"त्या फेसात सॅपोनिन नावाचं द्रव्य असतं. सालीत आणखी निराळी असतात. प्रयोगशाळेत बशीतल्या कॅन्सरच्या पेशींवर ही द्रव्यं टाकून बघितली, तर पेशींची वाढ मंदावल्याचं दिसलं. उंदरांवरही बघितलंय. आणि ज्यांच्या जेवणात डाळी-कडधान्यं भरपूर, त्यांच्यात आतड्याचा कॅन्सर काहीसा कमी दिसतो, असं काही अभ्यासांत आढळलंय. म्हणजे कॅन्सर टाळायला ह्याची मदत होऊ शकते."

आबा खुर्चीत ताठ झाले. "म्हंजे मॅडम, फेस पेला की कॅन्सर होत न्हाई."

"तसं न्हाई आबा. मदत होऊ शकते. माणसांत अजून पक्कं सिद्ध व्हायचंय, आणि खायचा तो अख्खा दाणा, नुसता फेस न्हाई. आता दुसरी गोष्ट..."

नेमकी ह्याच वेळी आबांच्या गालात पिचकारी भरली. "अख्खा दाणा" त्यांच्या कानावर पडलं असेल, पण तोंड भरलेल्या माणसाचं कानाकडे लक्ष नसतं. ते उठले आणि शाळेच्या मागच्या भिंतीकडे चालू लागले. त्यांच्या पाठोपाठ सटवा उठला. सटवा हा आबांचा माणूस. आबा बोलले की "बराबर हाय" म्हणायचं आणि आबा उठले की उठायचं, एवढंच त्याचं काम, पण ते तो मनापासून करतो. त्यालाही थुंकायचं होतंच.

ते दोघं भिंत रंगवत होते तेव्हा मॅडम म्हणाल्या, "दुसरी गोष्ट अशी की मावा, गुटखा चालू ठेवून डाळ खाणं म्हणजे तुरीत रानडुकरं सोडायची आणि बांधावर उदबत्ती लावायची. डाळ मावा धुऊन काढत न्हाई."

बायका खळखळून हसल्या आणि एकजात मागं वळून आमच्याकडं बघू लागल्या. आम्ही शाळेचे पत्रे किती जुने झालेत ते बघत राहिलो. आबा परत आले तेव्हा टाळ्या चालू होत्या. सगळ्यात जोरात टाळ्या त्यांनी वाजवल्या.

निम्मं भाषण कानात गेलं आणि निम्मं भिंतीवर. पुढचं सगळं त्या भिंतीमुळं झालं.

आता घरात शिरू. छबुबाई म्हणजे आबांच्या मंडळी. अंगानं किरकोळ, बोलणं थोडं. पण बाईनं एक शब्द सोडला की तो वेशीपर्यंत गेलेल्या माणसाला माघारी आणतो. त्या दिवशी आबा घरी गेले ते थेट चुलीपाशी. लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण हा माणूस चुलीपाशी कधी फिरकला नव्हता, म्हणून छबुबाईला वाटलं विंचूबिंचू निघाला.

"शिवशंकरच्या माय, कुकर ठेव माळ्यावर."

"कावून?"

"कुकरात फेस घावत न्हाई. उद्यापसनं डाळ भगुन्यात शिजीव. आन फेस फेकू नको, वाटीत काढ. मला."

"फेस पेनार तुमी?"

"त्यात सापोनी असतंय."

"काय असतंय?"

"तुला न्हाई कळायचं. कॅन्सरवर जालीम हाय. खुद्द मॅडम बोलल्या."

छबुबाई त्या कार्यक्रमाला होती, पहिल्या रांगेत. तिनं रानडुकरंही ऐकली होती आणि उदबत्तीही. तिनं नुसतं एवढं विचारलं, "मंग मावा सोडला म्हना की."

"सोडायचा कावून?" आबांना खरंच आश्चर्य वाटलं. "त्याच्यासाठीच तर फेस हाय!"

दुसऱ्या दिवसापासून आबा पारावर येताना स्टीलचा थर्मास घेऊन येऊ लागले. थर्मास सटवाच्या हातात. आबा एक मावा टाकत, सावकाश चघळत, थुंकत, मग सटवा झाकणात फेसाचं पाणी ओतून देई. एक घोट. "झालं साफ," आबा म्हणत. "बराबर हाय," सटवा म्हणे. पूर्वी आबा दिवसाला पाच-सहा पुड्या खात. आता उतारा हाताशी होता, म्हणून आठ-नऊ खाऊ लागले.

ज्या उपदेशात काही सोडायचं नसतं, तो आमच्या गावात फार लवकर पसरतो. "दारू सोडा" सांगायला आलेल्या महाराजांना आम्ही नारळ देऊन वाटंला लावलं होतं. आबांचा फेस मात्र आठ दिवसांत घराघरांत गेला. गावातले कुकर माळ्यावर चढले. पुरुषमाणसं वाटी घेऊन चुलीपाशी उभी राहू लागली. "आमच्या ह्यांनी जल्मात पहिल्यांदा बघितलं, घरात काय शिजतंय ते," सुंदरबाई सांगत होती. कुणी म्हणे तुरीचा फेस भारी, कुणी म्हणे हुलग्याचा. त्यावरून पारावर दोन तट पडले आणि तीन दिवस अबोला झाला. खोटं कशाला बोलू, चार दिवस मीही प्यालो. चव म्हणाल तर कुणीतरी भांडी विसळताना आपल्याला शिव्या दिल्यासारखी. सटवानं आबांवरच्या भक्तीपायी कच्च्या हुलग्यांचा फेस तांब्याभर प्याला. त्यानंतर दोन दिवस पारावर त्याच्या शेजारी बसायला कुणी तयार नव्हतं. आबांनीसुद्धा त्याला "जरा खालच्या अंगाला बस बे" म्हणून वाऱ्याची दिशा बघून जागा नेमून दिली.

तेजश्री मॅडमच्या कानावर गेलं तशा त्या स्वतः पारावर आल्या. "आबा, हे मी सांगितलं नव्हतं."

"मॅडम, तुमी म्हनल्या का न्हाई, होऊ शकते?"

"म्हणाले. पण आबा, होऊ शकते म्हणजे..."

"ऱ्हाऊ द्या," आबा मोठ्या मनानं म्हणाले. "ह्या शब्दातलं तुमच्यापेक्षा मला जास्त कळतंय."

तिथं बसलेल्या एकालाही हसू आवरलं नाही, पण मावा तोंडात असल्यामुळं आम्हाला मोकळं हसता येईना.

इथवर सगळा तमाशा होता. तमाशात न हसणारं माणूस एकच, छबुबाई. बाई रांधते, वाढते आणि समोर बसून बघते. जेवणाऱ्याच्या तोंडाची जेवढी माहिती तिला असते तेवढी डॉक्टरला नसते. तिला दिसलं की आबांनी दिवाळीपासून भाकरी सोडलीय. "भाकरीनं पोट जड होतंय, वरण बरं." मग ठेचा बंद झाला. "मिरची बाधती." हा माणूस कधीकाळी मिरचीचा ठेचा बोटानं चाटून खायचा. मग आबा हुलग्याच्या माडग्याची थोरवी गाऊ लागले. माडगं म्हणजे हुलग्याच्या पिठाचं पातळ कढण. पारावर त्यांनी त्याच्यावर अर्धा तास व्याख्यान दिलं आणि आम्ही माना डोलावल्या. पण घरी ते माडगं आबा चहाच्या चमच्यानं पीत होते. मोठा चमचा ताटात तसाच. एकदा त्यांना जांभई आली, ती मध्येच अडकली, आणि दार चौकटीला घासावं तसा चेहरा करून त्यांनी ती परत गिळली. छबुबाईनं बघितलं. दात घासायचा त्यांचा ब्रश हरवला आणि त्यांच्या खिशात नातवाचा सशाचं चित्र असलेला ब्रश सापडला, तेही तिनं बघितलं.

तिला कळलं. आबांचं कडधान्यप्रेम मॅडमच्या भाषणातून आलेलं नव्हतं. तोंड उघडत नव्हतं, म्हणून पातळ आवडत होतं.

आणि तिला ते इतक्या लवकर कळायला कारण होतं. आबांचे थोरले भाऊ तानाजी अण्णा. सहा वर्षांमागं जिभेवर फोड आला. "गरम चहानं पोळलं" म्हणत वर्षभर कुणाला दाखवला नाही. शेवटी शेवटी त्यांच्या खोलीत वासानं माणूस थांबत नसे. सगळं छबुबाईनं केलं, धाकटी भावजय म्हणून. आबा दारातून विचारपूस करून जात. अण्णा गेल्यावर कुणी "मावा" म्हटलं की आबा म्हणायचे, "मावा तर मीबी खातोय. अण्णाचं निराळं होतं." काय निराळं होतं ते त्यांना बरीच वर्षं सापडलं नव्हतं. सप्टेंबरातल्या भाषणानंतर सापडलं. "अण्णाला डाळ आवडत नव्हती!"

छबुबाई एका दुपारी उपकेंद्रात गेली. मॅडमनी सांगितलं, "हाताची तीन बोटं एकावर एक धरून तोंडात गेली पाहिजेत, मावशी. जात नसतील तर सुपारीनं आतली कातडी आवळत चाललीय. त्यात पुढं कॅन्सर धरायची भीती असते. गालात पांढरा चट्टा दिसला तर एक दिवससुद्धा थांबू नका. लवकर सापडलं तर इलाज हाय."

छबुबाई घरी आली. आबा माडगं पीत होते.

"तोंड उघडा."

"मी काय बाजारातला बैल हाय का, दात बघायला?"

"तीन बोटं घाला तोंडात."

"जेवू देती का न्हाई?"

"अण्णाचं मी केलंय. तुमचं पुन्हा करायची ताकद न्हाई माझ्यात."

आबांनी चमचा खाली ठेवला. मग जे बोलले ते त्यांच्या शहाणपणाचा अर्क आहे. "उन्हाळ्यात ग्रामपंचायत हाय. माजी सरपंच कॅन्सर तपासायला गेला म्हनल्यावर मत कोन दील? मरनाऱ्या मानसाला लोक निवडून देत नसतेत."

"आन मेलेल्याला देतेत?"

आबा उठून आचवायला गेले. छबुबाई त्यानंतर त्या विषयावर एक शब्दही बोलली नाही. आबांना वाटलं, बाई पटली. चाळीस वर्षं संसार करून ज्याला बायकोचं गप्प बसणं वाचता येत नाही, तो गावाचं काय वाचणार?

मग आली येळवस. म्हणजे वेळ अमावस्या. आमच्याकडं त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा राहत नाही, सगळं गाव रानात. ज्वारीत कडब्याची कोप करायची, आत पाच दगड चुन्यानं रंगवून मांडायचे, त्यांची पूजा करायची, आंबील शिंपडायची आणि मग भज्जी खायची. ही भज्जी म्हणजे तुरीचे ओले दाणे, हरभरा, वाल, वाटाणा, शेंगदाणे, मेथी, पालक, जे जे रानात उभं ते ते एका पातेल्यात, बेसन लावून. तिच्याबरोबर ज्वारी-बाजरीचे वाफवलेले उंडे. एका पातेल्यात एवढी कडधान्यं दुसऱ्या कुठल्या सणाला पडत नाहीत. आबांना ह्याहून चांगला मुहूर्त कुठला? त्यांनी निम्म्या तालुक्याला आवतण दिलं. निवडणुकीचा नारळ तिथंच फोडायचा आणि डाळींवर भाषण ठोकायचं असा बेत होता. मॅडमना आवतण छबुबाईनं दिलं.

आबांच्या घराण्याची एक रीत आहे. पूजा झाली की पहिला उंडा घरच्या मालकानं अख्खा तोंडात घालायचा. मोडायचा नाही. उंडा मोडला तर रानातलं पीक मोडतं म्हणतात. आबांच्या वडलांनी घातला, अण्णांनी घातला, अण्णांच्या मागं आबा घालत आले. उंडा असतो गावरान लिंबाएवढा.

कोपीपुढं दोनशे माणूस उभं. आबांनी आंबील शिंपडली, दगडांना हात जोडले आणि लगबगीनं म्हणाले, "चला, बसा बसा, पंगती धरा."

"आधी उंडा," छबुबाई म्हणाली. तिच्या हातात ताटली होती.

"व्हय, व्हय. सटवा, घे बे, ह्या वर्षी मान तुला देतो."

"बराबर हाय," म्हणून सटवानं हात पुढं केला.

"सटवाच्या नावावर सातबारा केलाय का?" छबुबाईनं विचारलं. सटवाचा हात जागच्या जागी परत गेला.

आबांनी उंडा उचलला. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. ओठाला लावला. दात जेमतेम उघडले आणि उंडा बाहेरच्या बाहेर अडला. त्यांनी मान वाकडी केली, उजवीकडून घालून बघितला. डावीकडून घालून बघितला. दारात कपाट अडकल्यावर हमाल करतात तसं चाललं होतं. कपाळावर घाम आला.

"उंडे मोठे केलेत ह्या वर्षी," आबा हसत म्हणाले. त्या हसण्याला आवाज नव्हता.

"हा घ्या मंग." छबुबाईनं ताटलीतला दुसरा उचलला. आवळ्याएवढा. तो दातांपर्यंत गेला आणि तिथंच बसला.

"हा बघा." तिसरा मोठ्या बोराएवढा. तोही जाईना.

मग तिनं पदराखालून चौथा काढला. सुपारीएवढा, छोटासा, नीट गोल वळलेला. तो गपकन आत गेला.

"गेला ना?" छबुबाई म्हणाली. आवाज चढवलेला नव्हता, तरी मागच्या माणसाला ऐकू आला. "तोंडानं सुपारीपुरतीच जागा ठिवलीय. भाकरीला न्हाई, लेकराच्या मुक्याला न्हाई, देवाच्या उंड्याला न्हाई. लोकहो, ह्यास्नी घरात सांगून झालं. घरातलं ह्यांच्या कानात जात न्हाई, म्हनून चार लोकांत सांगतेय. आमच्या अण्णाचं असंच सुरू झालतं."

तेजश्री मॅडम पुढं आल्या. "आबा, तीन बोटं."

आबांनी बोटं वर केली. तीन गेली नाहीत. दोन घातली, तीही पूर्ण नाहीत. दीड म्हणा. मॅडमनी मोबाईलच्या उजेडात गालात बघितलं आणि नुसतं म्हणाल्या, "उद्या सकाळी अंबाजोगाई."

डाळींवरचं भाषण झालं नाही. आबांनी एवढंच विचारलं, "मॅडम, मग फेस?"

"फेस भगुन्यात ऱ्हाऊ द्या, आबा. डाळ खा. पण तुरीत डुकरं हायत."

त्या दिवशी भज्जी रग्गड उरली. कारण निम्मे पुरुष जेवायच्या आधी कोपीमागं, बाभळीआड, ज्वारीत, जिथं आडोसा मिळेल तिथं तोंडात बोटं घालून उभे होते. मी कुठं उभा होतो ते सांगत नाही. माझी अडीच गेली.

अंबाजोगाईला डॉक्टरांनी गालातला बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. उत्तर यायला आठ दिवस. ते आठ दिवस आबा ओट्यावर बसून होते. सदऱ्याला इस्त्री नव्हती, गालात काही नव्हतं. फुगलेला गाल रिकामा झाल्यावर त्यांचं तोंड मला ओळखू येईना. एका अंगानं हवा गेलेल्या चाकासारखं. मी शेजारी जाऊन बसलो. चिडवायला चांगली चार वाक्यं घेऊन गेलतो.

"आप्पा," ते म्हणाले, "अण्णाच्या खोलीतला वास येतोय मला. माझ्याच तोंडातनं. खरा हाय का नुसता मनात, कळत न्हाई. बघ बरं तू."

मी बघितलं. "न्हाई येत," म्हणालो. चार वाक्यं तशीच घरी घेऊन आलो.

नवव्या दिवशी उत्तर आलं. कॅन्सर नव्हता. पण त्याच्या उंबऱ्यावर पाय होता, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. मावा आजपासून बंद, दर तीन महिन्यांनी तपासणी, आणि तोंड उघडायचा व्यायाम. व्यायाम असा की आइस्क्रीमच्या लाकडी काड्या थरावर थर रचून दातांत धरायच्या आणि रोज जमेल तशी एक वाढवायची. तेव्हापासून रोज सकाळी आबा ओट्यावर दातांत काड्यांची थप्पी धरून बसतात. पहिल्या दिवशी बारा काड्या बसल्या, आता सतरा. त्या वेळात त्यांना बोलता येत नाही. गावातले लोक मुद्दाम त्याच वेळेला भेटायला येतात आणि वीस वर्षांचं सगळं बोलून घेतात.

मागच्या महिन्यात तेजश्री मॅडम तपासायला आल्या. आबांनी काड्या काढून विचारलं, "मॅडम, तीन बोटं पुन्यांदा जातील का?"

"जाऊ शकतात, आबा."

आबा काड्यांची थप्पी हातात धरून पुढं झुकले. "शकतात म्हंजे? व्हय का न्हाई?"

"मावा परत धरला न्हाई, व्यायाम सोडला न्हाई, तपासणी चुकवली न्हाई, तर. तरीबी शकतातच. ह्याच्या पुढचं मी बोलले तर खोटं होईल."

"ह्या शब्दावर मानसाला झोप लागत न्हाई हो मॅडम."

आत छबुबाई डाळ निवडत होती. ती बाहेर न येताच म्हणाली, "गावाला एकोनीस वरसं लागली न्हाई."

दुसऱ्या सकाळी मी ओट्यावर होतो तेव्हा सटवा घाईघाईनं आला. खालच्या आळीत बैठक होती. "आबा, रस्त्याचं इचारायलेत लोक. होऊ शकतो म्हनून सांगू ना?"

आबांनी दातांतल्या काड्या काढल्या. सतराच्या सतरा, सावकाश, एकेक करून मांडीवर ठेवल्या.

"व्हनार न्हाई म्हन. त्यो माझ्या हातात कदीच नव्हता."

"बराबर हाय," सटवा सवयीनं म्हणाला आणि दहा पावलं गेल्यावर जागीच थांबला. वळून माझ्याकडं बघितलं, मी आभाळाकडं बघितलं. ती बातमी दुपारच्या आत धर्मापुरीपर्यंत गेली, त्याच खड्ड्यांतून. आता लोक म्हणतात, आबा पडणार. पण हेही म्हणतात की गावात पहिल्यांदा कुणीतरी रस्त्याचं खरं सांगितलं.

आबांच्या घरात कुकर माळ्यावरून खाली आलाय. फेस कुणाला दिसत नाही आणि कुणी विचारत नाही. डाळ मात्र रोज असते, कधी मटकीची उसळ, कधी हुलगे. आणि रोज जेवताना छबुबाई एक उंडा वळून ताटात ठेवते, कालच्यापेक्षा कणभर मोठा. परवा बोराएवढा गेला. आवळ्याला अजून वेळ आहे, लिंबाला तर फारच. पुढच्या येळवशीपर्यंत तोही जाऊ शकतो, असं मी म्हणणार होतो. पण छबुबाई समोर उभी होती, म्हणून ते तोंडातच ठेवलं आणि माझी तीन बोटं खिशात घातली.